डिस्क सापडत नाही आणि डिस्कवरून चालू होत नाही: या दोन तक्रारी एक नाहीत

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ओळ आली की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: हार्ड डिस्क उडाली. मग तो नाशिकजवळच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पाठवणारा पीसी असो, पंचवटीत लग्नपत्रिका लावणाऱ्याचा असो, नाहीतर पिंपळगावच्या आडत्याचा टॅलीवाला. निदानामागोमाग औषधही ठरलेलं: फॉरमॅट मारा.

यात दोन निराळ्या तक्रारी एकाच पोत्यात कोंबल्या जातात. एक, मदरबोर्डाला डिस्क सापडतच नाही. दुसरी, डिस्क सापडते, पण तिच्यावरून विंडोज सुरू होत नाही. पहिलीत फॉरमॅट करताच येत नाही. जी दिसत नाही ती फॉरमॅट कशी करणार? दुसरीत करता येतं, आणि तिथेच दहा-दहा वर्षांचे हिशेब पुसले जातात.

(‘एवढा जुना पीसी ठेवायचाच कशाला’ असं विचारणाऱ्यांसाठी: मागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट असतो, त्यातूनच मशीनला प्रोग्रॅम जातो. मराठी टायपिंगच्या जुन्या श्रीलिपीचा डोंगल असतो, तो लावल्याशिवाय ती चालत नाही. नवीन पीसी आणला की हे सगळं नव्याने जुळवत बसावं लागतं.)

विंडोज सुरू न होणं हा प्रकार बहुतेकांच्या ओळखीचा आहे. फाइल खराब झाली, अपडेट अर्धवट राहिलं, लाइट गेली. त्यात वेळ घालवत नाही. घोळ होतो तो ‘डिस्क दिसते की नाही’ हे ठरवताना, कारण लोक चुकीच्या पानावर बघतात.

विंडोजच्या आधी चालतो तो मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम म्हणजे बायोस; त्याच्या सेटिंगच्या पानांना सेटअप म्हणतात. तिथे जायला पीसी चालू करताच डिलीट दाबत राहायचं. डेलवर एफ२, एचपीवर बहुधा एफ१०, जुन्या लेनोवोवर एफ१. सेटअपमध्ये शिरल्यावर दहातले आठ जण थेट बूटच्या पानावर जातात, ‘फर्स्ट बूट डिव्हाइस: हार्ड डिस्क’ असं वाचतात आणि ‘दिसतेय की डिस्क’ म्हणून बाहेर पडतात. जुन्या अवॉर्ड कंपनीच्या बायोसमधली ती ‘हार्ड डिस्क’ म्हणजे नुसता प्रकार आहे, तुमच्या डिस्कचं नाव नव्हे. आधी फ्लॉपी बघ, मग सीडी, मग हार्ड डिस्क, एवढा क्रम ती ओळ सांगते. डिस्क काढून टेबलावर ठेवलीत तरी ती ओळ तिथे तशीच राहील.

खरी हजेरी दुसऱ्या पानावर लागते. अवॉर्डमध्ये त्याला ‘स्टँडर्ड सीमॉस फीचर्स’ म्हणतात, नंतरच्या बोर्डांवर ते ‘मेन’ किंवा ‘साटा कॉन्फिगरेशन’मध्ये असतं (साटा म्हणजे अरुंद केबलने डिस्क जोडण्याची पद्धत; तिच्या आधीची रुंद पट्टीची ती आयडीई). तिथे प्रत्येक चॅनलसमोर एकतर ‘नन’ किंवा ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिलेलं असतं, नाहीतर मॉडेल नंबर. वेस्टर्न डिजिटलची डिस्क असेल तर तो डब्ल्यूडीसीने सुरू होतो, सीगेटची असेल तर एसटीने. हे नाव बोर्ड मनाने लिहीत नाही. सुरू होताना तो डिस्कला तिची ओळख विचारतो आणि डिस्कवरचा कंट्रोलर मॉडेल, सीरियल नंबर, क्षमता कळवतो. म्हणजे नाव आलं की समजायचं, वीज पोचते आहे, केबल ठीक आहे, डिस्कचं सर्किट जिवंत आहे. विंडोजबद्दल त्यातून काडीचंही कळत नाही. वर्गात पोरगं ‘हजर’ म्हणालं, एवढंच. कविता पाठ आहे का, हे पुढचं.

नावासोबत क्षमताही वाचा. नाव अर्धवट किंवा भलतंच येत असेल, ८० जीबीच्या डिस्कसमोर शून्य दिसत असेल, तर ती डिस्क ‘दिसते’ या खात्यात धरू नका. तिचं आतलं फर्मवेअर, म्हणजे डिस्कचा स्वतःचा प्रोग्रॅम, बिघडलेलं असू शकतं. उलट, फार जुन्या बोर्डावर २५० जीबीची डिस्क १३७ जीबी दाखवत असेल तर ती धडधाकट आहे. तो २८ बिटांच्या पत्त्याचा हिशेब आहे. त्या बायोसला त्यापुढे मोजताच येत नाही.

नंतरच्या यूईएफआय बोर्डांवर (यूईएफआय म्हणजे बायोसचा नवा अवतार) फसवणूक उलट्या बाजूने होते. तिथे बूटच्या यादीत डिस्क नसते आणि लोक ती मेली म्हणून मोकळे होतात. पण त्या यादीत जिच्यावरून सुरू होता येईल असं बोर्डाला वाटतं तीच डिस्क येते. स्टोरेजच्या पानावर मॉडेल नंबर असेल तर डिस्क आहे. सुरू होण्याची जुनी बायोसची पद्धत (लेगसी) आणि यूईएफआय यांतली निवड बदलली गेली असण्याची शक्यता जास्त.

आणि एक तिसरा साक्षीदार असतो, विंडोज एक्सपीची सीडी. बायोसमध्ये डिस्क दिसते, पण सीडी टाकली की ‘सेटअप डिड नॉट फाइंड एनी हार्ड डिस्क ड्राइव्हज’. एक्सपी २००१ चं, साटा डिस्कशी बोलण्याची एएचसीआय पद्धत त्यानंतरची. तिचा ड्रायव्हर त्या सीडीत नसतोच. बायोसच्या सेटअपमध्ये साटा मोड आयडीई करा, म्हणजे बोर्ड तिच्याशी जुन्या पद्धतीने बोलेल आणि डिस्क दिसेल. या एका ओळीपायी किती चांगल्या डिस्क भंगारात गेल्या असतील!

आता पडद्यावरची ओळ. ती नुसती वाचू नका, कोण बोलतंय ते बघा. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ किंवा ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ ही ओळ बायोसकडे नसतेच. ती डिस्कच्या सुरुवातीच्या सेक्टरांमध्ये लिहिलेली असते. डिस्क वाचली गेली म्हणून तर ती पडद्यावर आली. अशा वेळी ‘डिस्क डिटेक्ट होत नाही’ म्हणणाऱ्यापुढे मी हात टेकतो. (आधी यूएसबीत विसरलेला पेनड्राइव्ह काढा. कित्येकदा ती ओळ त्याचीच असते.) ‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टम डिस्क’ किंवा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ हे मात्र बायोस बोलतो. त्यातून काहीच ठरत नाही: डिस्क नसेल तरी तो हेच म्हणतो आणि असून रिकामी असेल तरीही. तेव्हा परत हजेरीच्या पानावर जायचं.

नाव दिसतं, सुट्टीआधी सगळं चालत होतं, आणि आज विंडोजचा लोगो चमकून निळा पडदा येतो. दिवाळीची सुट्टी संपवून वर्कशॉप उघडलं की हे हमखास घडतं. गुन्हेगार डिस्क नव्हे, मदरबोर्डावरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटणसेल. पीसीला मेन चालू असेपर्यंत सेटिंगं टिकवायला एसएमपीएसची (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याची) वीज असते, म्हणून सेल मेलेला आहे हे रोजच्या वापरात कळत नाही. सुट्टीत कोणी मेन स्विच पाडला की सेटिंगं पुसली जातात, आणि साटा मोड कंपनीने दिलेल्या मूळ जागी जातो. एक्सपी आयडीईत टाकलेली असेल आणि मोड एएचसीआयवर गेला, तर शेवटी ७बी असलेला स्टॉप कोड येतो. डिस्क तीच, डेटा तोच, फक्त बोलण्याची पद्धत बदलली. सेटअपमधली तारीख बघा. ती बोर्ड बनला त्या सालाच्या आसपास गेली असेल तर सेल बदला, मोड पहिल्यासारखा करा. सेल किराणा दुकानातही मिळतो. यासाठी फॉरमॅट मारून पैसे घेणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही.

राहता राहिलं खरंच न दिसणं. इथे आपल्याकडची पहिली हालचाल म्हणजे रॅम काढून तिच्या पट्टीवर खोडरबर घासायचा. पीसी सेटअपच्या पानापर्यंत पोचतोय म्हणजे रॅमचं बरं चाललंय. तिला का त्रास? त्यापेक्षा साटाची केबल बदला. लाल, स्वस्त, खटका नसलेल्या केबली लेथच्या धक्क्यांनी सैल होतात, आणि अंबड-सातपूरच्या कॅबिनेटमध्ये तेलकट धूळ बसते ती वेगळीच. मग बोर्डावरचा दुसरा पोर्ट, मग एसएमपीएसची दुसरी पिन. चार पिनांच्या जुन्या प्लगवरून साटा करणारे साच्यात ओतलेल्या प्लगचे कन्व्हर्टर मला अजिबात आवडत नाहीत; तापून वितळलेले बघितले आहेत.

रुंद पट्टीच्या केबलची आयडीई डिस्क असेल तर जंपर बघा, म्हणजे ती मास्टर (पहिली) की स्लेव्ह (दुसरी) हे ठरवणारी मागची छोटी टोपी. एका केबलवर दोघीही मास्टर असल्या की बहुधा दोघीही गायब. व्हिया कंपनीच्या जुन्या चिपसेटच्या काही बोर्डांना ३ गिगाबिटची साटा डिस्क झेपत नाही. डिस्कच्या मागे जंपर लावून तिला दीड गिगाबिटवर आणलं की दिसते.

केबलने डिस्क परत आली तर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅम चालवून सी७ ची ओळ बघा. तिथला आकडा केबलवर झालेल्या चुकांचा असतो. जुना आकडा कमी होत नाही, पण नव्या केबलवर वाढत नसेल तर डिस्कला दोष देऊ नका. ०५ किंवा सी५ (खराब झालेल्या जागांचे आकडे) वाढत असेल तर मात्र प्रश्न चकतीचाच. आधी डेटा दुसरीकडे काढा, मग बाकीचं.

सगळं बदलूनही नाव येत नसेल तर कान लावा. फिरण्याचा आवाजच नसेल तर सर्किट गेलं असेल. ठराविक अंतराने टक्-टक् होत असेल तर चकतीवरून वाचणारं हेड बिघडलंय, लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू केल्याने चकतीवर ओरखडे वाढतात. जुन्या बाजारातून त्याच मॉडेलच्या डिस्कची हिरवी सर्किटपट्टी आणून लावण्याचा सल्लाही ऐकू नका; त्या पट्टीवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं भरलेली असतात, ती चिप हलवल्याशिवाय दुसरी पट्टी बहुतेक वेळा चालत नाही. डेटा मोलाचा असेल तर डिस्क अशीच, न उघडता, डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, आणि आत्तापर्यंत काय काय करून बघितलं ते खरं सांगा.