एचएलए वर्ग १ रेणूंचा पेशीपृष्ठापर्यंतचा प्रवास

पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे लहान तुकडे पृष्ठभागावर आणून मारक टी पेशींना (संसर्गित पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवणारी प्रथिने म्हणजे एचएलए वर्ग १ रेणू. केंद्रक असलेल्या जवळजवळ सर्व मानवी पेशींवर ती आढळतात. टी पेशी विषाणूचा अंश अशा रेणूच्या जोडीनेच ओळखते, हे उंदरांवरील प्रयोगांतून दाखवल्याबद्दल पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रेणूची जड साखळी (त्याचा मोठा घटक) आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या पटलांच्या जाळ्यात, शिरते, कॅलनेक्सिन या मदतनीस प्रथिनाच्या आधाराने घडी घेते आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या छोट्या प्रथिनाशी जुळते. तरीही तुकडा बसण्याची तिची खाच रिकामीच असते. ती भरणारे तुकडे बाहेर, पेशीद्रव्यात, प्रोटिॲझोम हे प्रथिने कापणारे संकुल प्रथिने चिरून तयार करते. टॅप नावाचा वाहक एटीपी हे पेशीचे ऊर्जा-इंधन खर्चून ते जालिकेत ओढून घेतो आणि लांब तुकडे तेथील विकरे ८ ते १० ॲमिनो अम्लांपर्यंत छाटतात. टॅपला खेटूनच टॅपासिन, कॅलरेटिक्युलिन आणि ईआरपी-५७ या मदतनीस प्रथिनांनी रिकाम्या रेणूला धरून ठेवलेले असते. टॅपासिन खाच उघडी राखते, त्यामुळे सैल बसलेले तुकडे गळतात आणि घट्ट बसणारा टिकतो. ही मदत सर्वांना सारखी लागत नाही: बी-४४:०२ आणि बी-४४:०५ या एचएलए रेणूंच्या प्रकारांत ११६ व्या स्थानावरील एकाच ॲमिनो अम्लाचा फरक असूनही पहिला टॅपासिनवर पुरता अवलंबून असतो, तर दुसऱ्याचे त्यावाचून फारसे अडत नाही.

योग्य तुकडा बसला की रेणू सुटतो आणि पुटिकांतून गॉल्गी संकुलामार्गे प्रद्रव्यपटलावर (पेशीच्या बाह्य पटलावर) पोहोचतो. ज्यांची घडी नीट बसत नाही, ते मागे ओढले जाऊन नष्ट होतात. माझ्या मते या प्रवासाचे मर्म वाहतुकीपेक्षा या पारखण्यातच आहे.

विषाणूंनी नेमके हेच टप्पे हेरले आहेत. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे आयसीपी-४७ हे प्रथिन टॅपची वाट बुजवते. सायटोमेगॅलोविषाणू या हर्पिस कुळातील विषाणूची यूएस-२ आणि यूएस-११ ही प्रथिने नव्या जड साखळ्या जालिकेबाहेर काढून प्रोटिॲझोमच्या हवाली करतात. मात्र पृष्ठभागावर हे रेणू कमी झाले, की नैसर्गिक मारक पेशी त्या पेशीवर तुटून पडू शकतात. टॅपमध्ये जन्मजात दोष असलेल्या रुग्णांना, अपेक्षेच्या उलट, गंभीर विषाणुसंसर्गापेक्षा श्वसनमार्गाचे जिवाणुसंसर्गच वारंवार होतात.