मेंढीच्या गुडघ्यामागची गाठ

बाभळीचा काटा पायात मोडला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. काटा तळपायात आणि गाठ वर का, तर ती सुजलेली लसिका ग्रंथी असते. पेशींभोवती झिरपलेलं पाणी बारीक वाहिन्यांतून रक्ताकडे परत निघतं, ती लसिका. वाटेत ती अशा ग्रंथींतून गाळली जाते. जंतू किंवा लसीचा अंश तिथे अडकला की प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंना रोखणारी प्रथिनं, बनवणाऱ्या पेशींची पैदास सुरू होते. पण मग त्या पेशी जातात कुठे?

हे शोधायला मेंढी फार सोयीची. तिच्या मागच्या गुडघ्यामागे अशी एक ग्रंथी असते आणि तिच्यातून निघणाऱ्या वाहिनीत बारीक नळी बसवता येते. मेंढी उभी राहून निवांत रवंथ करते, बाटलीत लसिका ठिबकत राहते. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात शास्त्रज्ञ बीड मॉरिस (आपल्या बीडशी काही संबंध नाही!) आणि जे. जी. हॉल यांनी हेच केलं.

पायात परकं प्रथिन टोचल्यावर पहिले काही तास गंमतच होते: लसिकेतल्या पेशी वाढायच्या सोडून कमीच होतात. ग्रंथी जणू दार लावून घेते. मग संख्या चढते आणि चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास मोठ्या, गडद रंग घेणाऱ्या पेशी बाहेर पडतात. त्यातल्या बऱ्याच पूर्ण घडलेल्याही नसतात, तरी प्रतिपिंडं सोडू लागलेल्या असतात. खरी मेख पुढे आहे. ही लसिका सगळी बाहेरच काढून घेतली, तर ग्रंथी आपलं काम करते, पण अंगभर प्रतिकारशक्ती पसरत नाही. म्हणजे एका पायातली बातमी सगळीकडे पोचते ती मुख्यतः या प्रवासी पेशींमुळे.

आंत्रविषार म्हणजे कोवळं गवत खाल्ल्यावर मेंढीच्या आतड्यात जंतूंचं विष तयार होण्याचा रोग; त्याची लस पावसाळ्याआधी टोचायची, ती यासाठीच. कोवळं गवत उगवल्यावर धावपळ केली, तर हे सगळं व्हायला दिवस उरत नाहीत. पहिल्यांदाच लस घेतलेल्या कोकरांना दोनेक आठवड्यांनी दुसरा डोस देतात. तोवर ग्रंथीत आठवण धरणाऱ्या पेशी तयार झालेल्या असतात, म्हणून या खेपेला प्रतिपिंडं लवकर येतात आणि भरपूर येतात.