परीक्षाच नसेल तर शिकलं किती हे कसं कळणार? थोडी पार्श्वभूमी

ठाण्यात कोपरीला आम्ही काही जणी संध्याकाळी बायकांचा वर्ग घेतो, घरकाम आटपून येणाऱ्या ताया, मावश्या. वाचन, हिशोब, मोबाईल वापरणं असं शिकवतो, बोर्ड नाही आणि सर्टिफिकेट नाही. मदत देणाऱ्या एका संस्थेने मागे विचारलं, किती पास झाल्या? दाखवायला आमच्याकडे फक्त हजेरीची वही होती. मला ते फार लागलं, कारण तोपर्यंत एक मावशी ठाणे स्टेशनला इंडिकेटर वाचून बरोबर नेरुळची गाडी पकडायला लागल्या होत्या, आधी चुकून वाशीच्या गाडीत बसायच्या आणि मग तुर्भ्याला उतरून गाडी बदलायच्या. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मग जुनं वाचायला घेतलं. आपल्याकडे 1959 ला साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. उत्साह खरा होता, पण मोजणी व्हायची ती गावाची, एकेका माणसाची नाही. 2 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, त्यातही केंद्रं किती आणि शिकणारे किती हेच आकडे पुढे.

खरा बदल झाला तो 1988 च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनमुळे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. त्यांनी तीन पुस्तिकांची पद्धत आणली, एकूण साधारण 200 तासांची, आणि चाचण्या पुस्तकातच छापलेल्या, एका पुस्तिकेत तीन. काही धडे झाले की शिकणाऱ्याने चाचणी सोडवायची, आपल्याला काय येतं काय नाही ते आपणच बघायचं आणि मग पुढे जायचं. परीक्षेची भीती नाही तरी प्रगती दिसते, कल्पना किती चांगली! पण नंतर जिल्ह्याजिल्ह्यात संपूर्ण साक्षरतेच्या मोहिमा निघाल्या, केरळमधला एर्नाकुलम जिल्हा 1990 ला साक्षर जाहीर झाला, सगळीकडे टार्गेट आलं, आणि टार्गेट आलं की चाचणी शिकणाऱ्यासाठी न राहता रिपोर्टसाठी होते.

तिकडे इंग्लंडमध्ये हाच प्रश्न पैशाच्या वाटेने आला. 1992 च्या कायद्याने प्रौढांच्या कोर्सेसचे दोन भाग पडले. ज्यातून प्रमाणपत्र मिळतं ते कोर्स, आणि सोबत लिहिणं-वाचणं शिकवणारे वर्ग, यांना केंद्राच्या फंडिंग कौन्सिलचा पैसा. शिवण, चित्रकला, मजेसाठी भाषा शिकणं असे बाकीचे वर्ग स्थानिक कौन्सिलच्या भरवशावर. 2001 ला दोन्ही एका छत्राखाली आले, तेव्हा परीक्षा नसलेल्या वर्गांनी पैसा घेतला तर दाखवायचं काय, असा पेच पडला. त्यातून 2003-04 मध्ये चाचणी घेऊन रार्पा (RARPA) नावाची, म्हणजे शिकणाऱ्याची प्रगती ओळखून नोंदवायची पद्धत बसवली. पाच पायऱ्या: वर्ग कशासाठी आहे ते ठरवा, आलेल्या माणसाला आत्ता काय येतं ते बघा, त्याला झेपेल पण थोडं ताणेल असं ध्येय त्याच्याशी बोलून ठरवा, मधेमधे नोंद ठेवा, शेवटी दोघांनी मिळून बघा काय साधलं. क्वालिटीची जबाबदारी वर्ग चालवणाऱ्या संस्थेची, म्हणजे या पायऱ्या खरंच पाळल्या जातायत का हे तिने स्वतः तपासायचं, काही वह्या उघडून वगैरे, नुसते फॉर्म भरून नाही. कागदकाम वाढतं ही तक्रार तिथल्या शिक्षकांचीही होती आणि ती खोटी नाही.

आपण मात्र पुन्हा परीक्षेकडे वळलो. केंद्र सरकारचं साक्षर भारत अभियान 2009 ला आलं, मूल्यमापन राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे गेलं. आता उल्लास हा केंद्राचा प्रौढ साक्षरता कार्यक्रम आहे, 2022 ते 2027. त्याची चाचणी 150 गुणांची, वाचन-लेखन-संख्याज्ञान प्रत्येकी 50. महाराष्ट्रात 17 मार्च 2024 ला झाली. सर्टिफिकेट हातात आल्यावर आजींचे चेहरे बघितलेत, त्यामुळे ते नकोच असं मी म्हणणार नाही. पण नेरुळच्या गाडीला त्यात मार्क नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून साठीच्या पुढच्या आज्या पाटी घेऊन बसायला लागल्या. पास व्हायला कोण येतंय तिथे, त्यांना सही करायची होती, पोथी वाचायची होती. ध्येय आधीच ठरलेलं, तेही त्यांनीच ठरवलेलं.

आम्ही आता वहीचं पहिलं पान रिकामं ठेवतो. पहिल्या आठवड्यात विचारतो, ताई, तुम्हाला काय जमायला हवंय? ती सांगेल तसं तिच्याच शब्दांत लिहितो. नेरुळवाल्या मावशींच्या पानावर सध्या आहे, “बँकेची स्लिप दुसऱ्याकडून भरून घ्यायची नाही.” खाली दोन तारखा आहेत, एकदा पैसे काढायची स्लिप भरलेली, एकदा पैसे भरायची.