वर्गातली मदत वेगळी, पुढे पाठवणं वेगळं

आमच्या शाळेच्या ऑफिसात अभ्यासात अडखळणाऱ्या एखाद्या पोराचं नाव निघालं की लगेच "ह्येका (ह्याला) विशेष बाईंकडे धाडा", आणि नाव दिलं की आपलं काम संपलं असं सगळे धरून चालतात, मीही चालायचो.

पुढे पाठवणं म्हणजे गट साधन केंद्राला, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या केंद्राला कळवायचं, विशेष शिक्षक येऊन पोराला बघणार, गरज वाटली तर ओरोसला सिंधुदुर्गच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी. मदत मात्र त्याच्या आधी, वर्गातच आणि आपणच करायची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये मूल किती शिकू शकतं ते बघून जास्तीचं शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलंय. आणि ह्याला जादा तास समजू नका हां, जादा तासाला आपण तेच परत मोठ्याने शिकवतो. इथे एकच अडचण धरायची, शिकवायची रीत बदलायची, चार-सहा आठवडे तारीख टाकून नोंद ठेवायची.

माझ्या तिसरीतला एकजण 'मला' ऐवजी 'माका' लिहायचा, वाचताना अडखळायचा, मी मनात शिक्का मारून मोकळा. मग एकदा त्याला रापणीबद्दल, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्याबद्दल बोलायला लावलं, तो जे बोलला ते तसंच मालवणीत फळ्यावर लिहिलं, तर पठ्ठ्याने धडाधड वाचलं. अडचण भाषेची होती.

त्याच्याच बाकावरची मुलगी मात्र मालवणीतही अडली. डोळे-कान तपासून घेतले, वाळूत अक्षरं गिरवून घेतली, तरी ब आणि व ची अदलाबदल सहा आठवड्यांनी तेवढीच. तिला पाठवलं, सोबत नोंदवहीही दिली.

आता शिक्षक कुरकुरतात ते काय उगाच नाही, दोन शिक्षक, चार इयत्ता, त्यात ऑनलाइन माहिती भरा. पण "आधी मदत करून बघू" म्हणत वर्ष काढणारेही आहेतच, तेही चूक. अमेरिकेत तपासणीआधीच्या ह्या मदतीची पद्धत चांगली रुळलीय, तिथेसुद्धा 2011 साली शिक्षण खात्याला राज्यांना लेखी कळवावं लागलं की ह्या नावाखाली तपासणी लांबवू नका. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन-गणितात मूल अडकून राहणं) लवकरात लवकर ओळखा असंच आहे. त्यामुळे सहा आठवडे चालू असताना आईबाप तपासणी करा म्हणाले तर त्याच दिवशी नाव कळवायचं, वर्गातली मदत तशीच चालू ठेवायची.