मोकळीक देणारे आणि मोकळं सोडणारे मुख्याध्यापक

हुकूमशाही मुख्याध्यापक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सूचनावही वर्गावर येते, आपण सही करतो, विषय संपला. घोळ होतो तो उरलेल्या दोघांत: शिक्षकांना विचारून शाळा चालवणारा आणि शाळा चालेल तशी चालू देणारा. आमच्या खान्देशातल्या शिक्षक कक्षांत कौतुक मात्र दुसऱ्याचंच जास्त. "सर कितला भला शे, कोनले काहीच बोलत नही!" वर त्याला 'लोकशाहीवादी' म्हणतात, तेव्हा मला खरंच राग येतो.

घोळ जुना आहे. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत आयोवामध्ये दहा वर्षांच्या मुलांचे गट घेऊन नेतृत्वाचे प्रयोग केले. त्यावरचा लेख 1939 मध्ये आला. आधी प्रकार दोनच होते, हुकूमशाही आणि लोकशाही. व्हाइट आपण लोकशाही पद्धतीने गट चालवतोय असंच समजत होते. पण त्यांच्या गटातली मुलं भरकटू लागली, आणि हे काहीतरी वेगळंच चाललंय हे बाकीच्यांच्या लक्षात आलं. तिसरा प्रकार, मोकळं सोडण्याचा, तिथून निघाला.

मी दोन्ही पाहिलेत, आणि एकाच अडचणीत. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की नववीचे मागचे बाक रिकामे होतात. पहिल्या शाळेत सर म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा." आम्ही पाच वर्गशिक्षकांनी पाच तऱ्हा केल्या. कोणी गृहपाठ माफ केला, कोणी तास लवकर लावला, कोणी काहीच केलं नाही. चाचणीनंतर पालक चिडून आले, तेव्हा सर म्हणाले, "वर्गशिक्षकांना विचारा." व्हरांड्यात मी एकटा उभा होतो.

दुसऱ्या शाळेतले सर कडक. हजेरीपटावर उशिरा सही चालायची नाही. (कडक म्हणजे हुकूमशहा, हा गैरसमजही सोडायला हवा.) त्यांनी सगळ्या वर्गशिक्षकांना बसवलं, शिपाईमामांनाही, कोणतं पोर कोणाच्या शेतात जातं हे त्यांना ठाऊक. सरांना जादा तास शाळेआधी हवा होता. आम्ही म्हणालो, वस्तीवरची पोरं एसटीने येतात, जमणार नाही. त्यांनी ऐकलं. मधल्या सुट्टीनंतरचा एक तास परतलेल्या पोरांसाठी गणित-इंग्रजीला ठरला, आळीपाळीने, आणि पहिली पाळी त्यांनी स्वतः घेतली. इतिवृत्तात सगळं लिहिलं. पंधरा दिवसांनी हजेरीपट घेऊन दारात हजर: "तुमच्या वर्गातले किती परतले? कोणाच्या घरी जायचंय?" वेळापत्रक का मोडलं म्हणून संस्थेने विचारलं, तर उत्तर आलं, "निर्णय माझा आहे."

म्हणून मला ती नेहमीची प्रश्नावली पटत नाही, जी एम.एड.चे विद्यार्थी शाळेत घेऊन येतात. 'मुख्याध्यापक शिक्षकांना निर्णयाचं स्वातंत्र्य देतात का?' मी दोन्ही सरांसाठी 'होय'च लिहिलं असतं, आणि कागदावर दोघे सारखे दिसले असते. त्यापेक्षा शिक्षकांना हे विचारा: ठरवल्यानंतर पंधरा दिवसांनी ते पुन्हा विचारायला आले का? आणि तुमचं चुकलं, पालक दारात आले, तेव्हा मुख्याध्यापक कुठे उभे होते?