आषाढी जूनमध्ये आली की जुलै का पडतो?

पंढरपुरात महाद्वाराजवळ कुंकू-बुक्का, चुरमुरे विकणाऱ्याला ‘महिन्याला किती धंदा होतो?’ असं विचारून बघा. तो महिन्याचं बोलणारच नाही. ‘आषाढी बरी गेली, माघी थंड होती,’ असं सांगेल. आम्ही सोलापुरात बसून महिन्यांचे तक्ते मांडणारे त्याला जरा हसतो. पण करोनानंतर बाजार सावरला का, हे मोजायला घेतलं की हसू आवरतं घ्यावं लागतं.

२०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका बसने पंढरपुरात आल्या. २०२२ साली वारी पुन्हा चालत आली, एकादशी होती १० जुलैला. पुढच्या वर्षी ती आली २९ जूनला. आता पंढरपुरातल्या किरकोळ विक्रीचा जुलै २०२२ आणि जुलै २०२३ शेजारी ठेवला, तर २०२३ चा जुलै झोपलेला दिसणार. गर्दी आटली म्हणून नव्हे. बहुतेक गर्दी जूनमध्येच येऊन गेली. पौर्णिमा ३ जुलैला होती, तेवढं शेपूट काय ते जुलैच्या वाट्याला. २०२४ मध्ये एकादशी १७ जुलैला, म्हणजे जुलै पुन्हा टुणकन उभा. बाजार आहे तिथेच आहे, हलली ती तिथी.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. त्यामुळे तिथी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि मध्ये अधिक महिना आला की अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी मारते. गंमत म्हणजे याच जिल्ह्यात सोलापूरच्या गड्डा यात्रेला ही अडचण नाही. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीची, संक्रांत सूर्याच्या हिशेबाची. त्यामुळे नंदीध्वज निघतात ते दरवर्षी जानेवारीतच. एका जिल्ह्यातले दोन बाजार दोन वेगळ्या घड्याळांवर चालतात आणि आपण दोघांना एकाच कॅलेंडरची पट्टी लावतो.

आकडेवारीतून असे नेहमीचे चढउतार काढून टाकण्याला ‘हंगामी समायोजन’ म्हणतात. दिवाळीला विक्री वाढते हे माहीतच आहे. त्यापेक्षा जास्त वाढली का, हा खरा प्रश्न. अमेरिकेच्या जनगणना विभागाची एक्स-१३ ही संगणक प्रणाली यासाठी जगभर वापरतात. सरकणारा ईस्टर तिला आधीपासून ठाऊक आहे. आषाढी मात्र आपणच हाताने भरवायची.

दुसरी फसगत टक्क्यांची. पर्यटनावरच जगणाऱ्या मालदीवचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिथे सुमारे १७ लाख पर्यटक आले, २०२० मध्ये साडेपाच लाख, २०२१ मध्ये १३ लाखांवर. म्हणजे २०२१ ची वाढ १३८ टक्के! वाचून वाटेल, चांदी झाली. प्रत्यक्षात २०१९ च्या मानाने पर्यटक अजून २२ टक्के कमीच होते. खड्ड्यातून मोजलं की प्रत्येक पायरी उंच दिसते. दोन महामारीच्या वर्षांनंतर आपल्याकडच्या ‘दुप्पट विक्री’च्या बातम्याही अशाच वाचाव्यात: २०१९ शी तुलना केली आहे का, एवढंच आधी बघावं.

आणि तुलना रुपयांतली असेल तर आणखी एक चाळणी. देशातली किरकोळ महागाई २०२०-२१ मध्ये ६.२ टक्के, पुढच्या वर्षी ५.५, त्यापुढे ६.७. चक्रवाढीने तीन वर्षांत जवळपास २० टक्के. समजा, २०१९-२० मध्ये लाखाचा गल्ला होता आणि २०२२-२३ मध्येही लाखच आला. दुकानदाराला वाटतं आपण जागेवर आलो. पण जुन्या भावाने ती विक्री ८४ हजारांच्या आसपासच भरते. दुकानाच्या भाड्याला आणि पोराच्या फीला मात्र जुना भाव कोणी लावत नाही.

शिवाय सगळा बुडालेला धंदा सारखा नसतो. सोलापुरी चादर लग्नाच्या आहेरात द्यायची होती, लग्न पुढे गेलं, तर चादरही पुढे गेली. वर्षभराने का होईना, विकली जाते. तुळशीच्या माळेचं तसं नाही. दोन वर्षं वारी हुकलेला वारकरी तिसऱ्या वर्षी तीन माळा घेत नाही. चहा, वडापाव, रात्रीचा मुक्काम, सगळं त्यातलंच. म्हणून यात्रेच्या गावात माणसं पूर्वीइतकी परतली तरी मधला खड्डा भरत नाही. त्या काळात काढलेलं कर्ज नेहमीच्याच विक्रीतून फेडावं लागतं, आणि हे विक्रीच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

आता पुन्हा महाद्वाराच्या दुकानदाराकडे. तो आषाढीची तुलना आषाढीशीच करतो, म्हणजे तिथीचा घोळ संपला. ‘पूर्वी’ म्हणतो तेव्हा करोनाच्या बंदीआधीचं वर्ष त्याच्या मनात असतं, म्हणजे खड्ड्यातून मोजणंही नाही. राहिली महागाई. तर त्याला विचारावं, यंदा चुरमुऱ्यांची किती पोती गेली?

पोत्याला महागाई लागत नाही.