तपकिरी अंडं म्हणजे गावरान अंडं नव्हे

मागच्या महिन्यात तालुक्याच्या दुकानात एक बाई सहा अंड्यांचा डबा हातात धरून लेकीला सांगत होती, "गावरानच आहेत व, रंग पाय ना." डब्यावर ठळक अक्षरात 'ब्राउन एग्ज' होतं, खाली हिरवं गवत आणि कोंबडीचं चित्र. 'गावरान' हा शब्द कुठंच नव्हता. साध्या अंड्यांच्या दुप्पट पैसे देऊन ती गेली. तिला थांबवायला हवं होतं, ही चुटपुट लागून राहिली, म्हणून हे लिहितेय.

कवचाचा रंग ठरतो कोंबडीच्या जातीवरून, बस्स. तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्याही पोल्ट्रीत हजारोंनी पिंजऱ्यात असतात, तयार खाद्य खातात आणि वर्षाला 300च्या आसपास अंडी देतात. खाद्य सारखं असेल तर पांढऱ्या आणि तपकिरी अंड्याच्या पोषणात सांगण्यासारखा फरक नसतो.

गावरान म्हणजे देशी कोंबडी आणि तिचं मोकळं जगणं. दिवसभर उकिरडा उकरायचा, ज्वारीचे सांडलेले दाणे, किडे, वाळवी टिपायची आणि सांजेला खुराड्यात यायचं. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते. वर्षाकाठी साठ-ऐंशी अंडी झाली तरी पुष्कळ. मी आठवडी बाजारात ज्या मावशींकडून घेते, त्या टोपलीत तुरीचं कुटार घालून त्यात अंडी खोचून आणतात. कधी बारा, कधी सातच. एक दुधाळ, एक फिकट बदामी, एखाद्याला वाळलेली माती चिकटलेली. सगळी लहानखुरी, साधारण 35 ते 45 ग्रॅमची. पोल्ट्रीचं अंडं पन्नासच्या पुढं जातं. त्यामुळे एकाच मापाची, एकाच गडद रंगाची तीस अंडी ट्रेमध्ये दिसली आणि विकणारा 'गावरान' म्हणाला, तर कोंबड्या कुठं असतात, काय खातात, हे जरूर विचारा.

अर्थात मापावरूनही पक्कं सांगता येत नाही. वनराज, गिरिराज या सुधारित जाती अंगणातच फिरतात, पण अंडं मोठं आणि तपकिरी देतात. कडकनाथचं अंडंही काळं नसतं, फिकटच असतं. बलकाच्या केशरी रंगावर तर मुळीच जाऊ नका. तो खाद्यातून येतो. पिवळा मका किंवा झेंडूचा अर्क खाद्यात घातला की पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही गर्द होतो.

आणि गावरान म्हणजे सेंद्रियही नव्हे. हे आपल्याकडं जास्त कळायला हवं. आमच्या घरामागं कपाशी आहे. 2017च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते अजून कोणी विसरलेलं नाही. त्याच फवारलेल्या वावरात कोंबडी किडे टिपत असेल, तर ती गावरान खरी, पण तिचं अंडं सेंद्रिय कसं म्हणायचं? सेंद्रिय म्हणायला कोंबडीचं खाद्यही सेंद्रिय शेतातलं लागतं आणि कुणीतरी ते तपासावं लागतं.

ती तपासणी झाली असेल तर पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह असतं. त्यामागं प्रमाणपत्राच्या दोन वाटा आहेत. एकीत बाहेरची प्रमाणन संस्था तपासते, दुसरीत शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. नुसता एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक म्हणजे सेंद्रिय नव्हे, तो तर बिस्किटाच्या पुड्यावरही असतो. छोटा शेतकरी थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, मात्र हे चिन्ह त्याला वापरता येत नाही. तिथं ओळख आणि विश्वास हाच आधार.

'नॅचरल' या शब्दानं तर विदर्भातला माणूस लवकर फसतो. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्यामुळं 'नैसर्गिक शेती' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं शेण-गोमूत्राच्या जीवामृताचा ड्रम येतो. पाकिटावरचा 'नॅचरल' मात्र एवढंच सांगतो की पदार्थात वरून काही मिसळलेलं नाही. शेतात काय फवारलं, याचा त्यात उल्लेखच नाही.

परवा बाजारात मावशींची टोपली रिकामी होती. "दोन्ही कोंबळ्या खुळुक बसल्या बाप्पा, अंडे कुठून आनू?" म्हणाल्या. मग मी दुकानातून साधी पांढरी अंडी घेतली, साध्या भावात.